पडद्यावरचं वाकडं अंगण

मी एक माउस बोलतोय. कॉम्प्युटरच्या शेजारी वायरीला बांधलेला असतो ना, तोच. नाव उंदराचं मिळालं, शेपूट मिळालं आणि संशयी स्वभावही मिळाला. बिळाबाहेर पडण्याआधी उंदीर जसा हुंगून घेतो, तसा मी माझ्यावर टेकलेला प्रत्येक हात हुंगून घेतो. माणूस तोंडाने काहीही सांगो, त्याच्या तळव्यावरून मला खरं ते कळतं.

जन्म कारखान्यातला. तिथे एका यंत्राने माझी बटणं दाबदाबून जीव नकोसा केला आणि मग ‘पास’ म्हणून खोक्यात कोंबलं. तेव्हापासून परीक्षा या प्रकारावर माझा भरवसा नाही. आणि नशीब बघा, मला विकत घेतलं ते परीक्षा घेणाऱ्यांनीच.

ती दोघं बहीणभाऊ. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचं दोन टेबलांचं ऑफिस. धाकटा वेबसाइट बनवायचा आणि ताई ती लोकांना वापरायला देऊन बघायची. एखाद्याला खुर्चीवर बसवायचं, काम सांगायचं आणि मग अजिबात मदत करायची नाही. तो अडला, चुकला, वैतागला तरी मागे उभं राहून नुसतं बघायचं. ताई आधीच सांगायची, "परीक्षा तुमची नाही हं, वेबसाइटची आहे." कुणाचाही त्यावर विश्वास बसत नसे. माझ्यावरचा हात तेवढ्यात घामेजायचा.

आणि अडल्यावर माणसं म्हणायची काय? "मलाच मेलं काही कळत नाही." नाचता येईना अंगण वाकडं, असं जगात म्हणतात. या धंद्यात अंगण खरोखरच वाकडं असतं आणि नाचणारा बिचारा स्वतःच्या पायांना दोष देत बसतो. म्हणून "अगदी सोपं आहे" असं कुणी म्हणालं, की मला पहिला संशय त्याचाच येतो.

एकदा त्यांना डोळ्यांच्या एका हॉस्पिटलचं काम मिळालं. धाकट्याचं हे पहिलं मोठं काम. पुढे फोनवरून डॉक्टरांची वेळ मिळणं बंद होणार होतं. ज्याला वेबसाइट जमेल त्यालाच वेळ मिळणार. धाकट्याने पानं अगदी देखणी केली. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं.

"नाजूक दिसतं की नाही?" तो म्हणाला.

"आपला तो बाब्या," ताई म्हणाली. गंमत म्हणजे घरात त्याला बाब्याच म्हणत.

बाब्याने परीक्षेला थेट आईलाच आणलं. आईला जमलं म्हणजे जगाला जमलं, हा त्याचा हिशेब. आई खुर्चीच्या टोकावर बसली. "परीक्षा नाही म्हणता आणि मागे पहारा देता," असं पुटपुटत तिने मला धरलं. हात गरम होता, कष्टाचा होता. मला आवडला. पण तो भलतीकडेच फिरत राहिला. पडद्यावरच्या हव्या त्या बटणावरून दोनदा गेला आणि थांबला नाही. मागून बाब्याचा उसासा ऐकू आला. आईचा हात एकदम गार पडला.

शेवटी बाब्याने नियम मोडला. "हे बघ आई, आधी खाली, मग उजवीकडे, अगदी कोपऱ्यात दाबायचं." त्याची चूक इथेच झाली.

पुढच्या खेपेला आईने सगळं झरझर करून दाखवलं. बाब्या हरखला. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. डोळे शोधत असले, की हात थबकत थबकत सरकतो. हिचा हात शोधतच नव्हता. पान उघडायच्या आधीच तो नेमक्या जागी जाऊन बसला होता. शिवाय तिचे ओठ हलत होते, "खाली, मग उजवीकडे..." पाणी कुठेतरी मुरत होतं. मला बोलता येत असतं, तर तिथेच सांगितलं असतं.

"एकच माणूस परत परत बसवलं, तर ते शिकणारच," ताई म्हणाली. "साइट सोपी झाली, की आई तयार झाली?"

"तुला मेलीला कौतुकच नाही कुणाचं," आई घाईघाईने म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग हॉस्पिटलच्या मॅनेजरबाई काम बघायला आल्या. त्या दिवशी सकाळीच ताईने पडद्यावरचं ते बटण वर सरकवलं होतं. वर जास्त बरं दिसतं, म्हणाली. तिलाही माझ्यासारखाच वास लागला होता का, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाब्याने त्यांच्यासमोर आईलाच बसवलं. आईने मला धरलं. खाली, मग उजवीकडे. दाबलं. काहीच झालं नाही, कारण तिथे काहीच नव्हतं. तिने पुन्हा दाबलं.

"आई, वर बघ ना. लिहिलंय," बाब्या म्हणाला.

"दिसलं की," आई म्हणाली आणि परत त्याच कोऱ्या जागी दाबलं.

ताई तिच्याजवळ खाली बसली. "काय लिहिलंय, वाच बरं."

"तुम्हाला ठाऊक आहे की."

"तरी वाच."

आईने माझ्यावरचा हात काढून घेतला. "सगळं पांढरंच दिसतंय गं," आई म्हणाली.

"मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस?" बाब्याचा आवाज चढला.

"तू उसासा टाकलास. म्हटलं, पोराचं पहिलं मोठं काम, माझ्यापायी अडायला नको. म्हणून पाठ केलं."

मला फार वाईट वाटलं, आईचंही आणि त्याचंही. मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे डोळे चांगले असलेलं कुणी येतच नाही हो. हे बदलून आणा."

अक्षरं मोठी आणि काळीभोर झाली. परीक्षेला अनोळखी माणसं आली. सगळ्यात शेवटी आईने स्वतःसाठी वेळ घेतली, एकेक शब्द मोठ्याने वाचत. हात अडखळत, शोधत चालला होता आणि मी मनापासून त्याच्याबरोबर सरकत होतो. मागे बाब्या श्वास रोखून उभा होता.

आता माझं डावं बटण पार झिजलंय. ऑफिसात बिनशेपटीचा नवा माउस आलाय आणि मी आईच्या घरी असतो. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. परवा तीच साइट उघडून ती म्हणाली, "केवढाली अक्षरं केलीत रे! आंधळ्यांसाठी आहे का?" बाब्या हसला नाही.

जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या कुणी न अडखळता सगळं करून दाखवलं आणि "जमलं बघ" म्हटलं, तर लगेच खूश होऊ नका. थोडा संशय घ्या. जवळ बसून विचारा, काय दिसतंय. आणि विचारताना तेवढा उसासा टाकू नका.