बॉनेट उघडं ठेवून बसा

पेट्रोल पंपामागच्या पत्र्याच्या शेडसमोर सकाळीच गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि प्रत्येक मालकाचे डोळे मिटलेले होते. रांगेच्या टोकाला इंजिनबाबा एका गाडीच्या रेडिएटरवर हात ठेवून तिची विचारपूस करत होते.

"कोणी दुखावलं गं तुला?" बाबांनी गाडीला विचारलं आणि मग मालकाकडे वळले. "चढावर बंद पडली तेव्हा शिवी दिलीत ना हिला?"

मालक चपापला. चढावर बंद पडलेल्या गाडीला शिवी न देणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पण गर्दीत कुजबुज झाली, "बाबांना कसं कळलं?"

"बराच वेळ बसलात, आता ती शांत झाली. उजवा पाय तळापर्यंत अर्पण करा. मनातला संशय काढा. फिरवा किल्ली."

इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि सुरू झालं. लोकांनी हात जोडले. त्यात माझा दादाही होता आणि मला त्याचा मनापासून संताप आला.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढे स्क्रू काढणारा माणूस. पण आमच्या जुन्या गाडीला हात लावायची त्याची तयारी नव्हती, कारण बाबांचा दंडक होता: हिच्या पोटाला लोखंड लावायचं नाही, पाना लागला की कृपा उडाली. बाबा पूर्वी जुन्या गाड्यांचे दलाल होते, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना बाबांच्या बोलण्यात साक्षात्कार दिसायचा, मला दलालीचा अनुभव दिसत होता.

मागच्या सीटवर आई बसली होती, पाय सुजलेले. तिच्या किडन्या निकामी झाल्यात, एक दिवसाआड डायलिसिस लागतं. बस तिला झेपत नाही. टॅक्सी करू म्हटलं तर दादा म्हणायचा, "गाडीचा अपमान करू नको."

त्या दिवशी आमची गाडी बाबांच्या कृपेने सुरू झाली आणि दवाखान्याच्या वाटेवरच्या चौकात आचके देऊन बंद पडली. शेवटी टॅक्सी केलीच. पोचलो तेव्हा आईला दिलेला अर्धा वेळ निघून गेला होता. मशीन पुढच्या पेशंटला द्यायचं होतं, म्हणून तिचं डायलिसिस अर्ध्यावर थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागली होती आणि दादा म्हणत होता, "आपलीच श्रद्धा कमी पडली."

गॅरेजवाल्याने ओढून आणून दिलेली गाडी अंगणात उभी होती; दादाने त्यालाही पाना लावू दिला नव्हता. दादाने किल्ली फिरवून फिरवून पेट्रोलचा वास घरभर केला.

"आता बाबांकडे जायचं नाही," मी म्हटलं. "त्यांनी केलं ते मी करते. फक्त गाडीशी बोलणार नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या उत्तरपत्रिका घेऊन गाडीत बसले. गठ्ठा संपत आल्यावर ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तोच खोकला, तोच धूर.

"बघितलंस?"

"कालची कृपा शिल्लक असेल," दादा म्हणाला.

त्या क्षणी प्लग काढायला आणून ठेवलेला पाना इंजिनऐवजी दुसरीकडेच वापरावासा वाटला मला. नववीची मुलंसुद्धा इतकं रडवत नाहीत.

"दादा, प्लगच्या टोकाला ठिणगी पडते आणि तिने पेट्रोल पेटतं. प्लग खराब झाला की ठिणगी मरते. आपण किल्ली फिरवत राहतो, पेट्रोल साचत जातं आणि प्लग भिजतो. ओल्या काडीने काय पेटणार? नुसता वेळ गेला तरी ते पेट्रोल उडून जातं. पाय दाबला की आत भरपूर हवा जाते, उरलंसुरलं निघून जातं. बाबा तुम्हाला बसवून ठेवतात ते याचसाठी. त्यात चमत्कार कुठे आला?"

"पण सुरू होते ना?"

"होते आणि परत बंद पडते, कारण प्लग तसाच राहतो. प्लग बदलला तर त्यांच्याकडे परत येणार कोण? म्हणून लोखंड लावायचं नाही. तुझ्याकडे बंद घड्याळ आणलं तर गिऱ्हाइकाला डोळे मिटून बसवतोस का?"

"घड्याळ वेगळं. तुला सगळ्यात चूकच दिसते."

आई दारातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. तिने श्वास घ्यायला थांबत थांबत विचारलं, "अरे, माझ्या मशीनला फिल्टर असतो ना? त्यातून माझं रक्त जातं. उद्या नर्स म्हणाली, हा चोंदलाय, पण बदलला तर कृपा जाईल, मी मशीनशी गोड बोलते. मला झोपवशील तिथे?"

दादाने नकारार्थी मान हलवली.

"मग त्या मशीनपर्यंत मला नेणाऱ्या गाडीचं काय?"

दादाने अंगठ्याने हाताची बोटं चोळली. मग आत जाऊन भिंग घेऊन आला.

इंजिन निवल्यावर मी सायकलच्या पंपाने प्लगभोवतीची धूळ उडवली आणि एकेक प्लग काढला. सगळे काजळलेले, टोकं झिजलेली. एक प्लग दादाने भिंगाखाली धरला आणि धरूनच राहिला.

"प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा आहे गं. केसासारखा. ठिणगी इथूनच पळत असणार. हा मला पहिल्याच दिवशी दिसला असता."

नवे प्लग आणून त्यानेच बसवले. पातळ पट्टीने टोकाची फट तपासली, आधी हातानेच आटे बसवले, मग बेताने आवळले. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. खोकला नाही, धूर नाही. दादा स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला.

पुढच्या वेळी आईचं डायलिसिस पूर्ण झालं. परतताना दादाने शेडपाशी गाडी थांबवली आणि तडकलेला प्लग घेऊन रांगेत शिरला. एकेकाला भिंगातून दाखवू लागला. एक बाई म्हणाली, "तुमच्या नशिबात कृपा नव्हती." दुसऱ्याने डोळे न उघडताच त्याला हाताने बाजूला सारलं. मला चीड आली, पण दादा हटला नाही. अखेर एका म्हाताऱ्याने भिंग हातात घेतलं आणि शेडकडे पाठ करून तो प्लग न्याहाळू लागला.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. गाडी बंद पडली तर बॉनेट जरूर उघडा, पण डोळे मिटू नका. बघा, विचारा, बिघडलेलं ते बदला. तुमच्याही मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं आणि त्याला वेळेवर पोचायचं असतं.