बाकावरचा कॅचर

निशिकांत बाविस्करला बाकावर बसणं काही केल्या जमत नव्हतं. जळगावला कॉलेजात असल्यापासून तो बेसबॉलमध्ये कॅचर होता. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, पिचरचा चेंडू झेलायचा आणि पुढचा कसा टाकायचा ते बोटांच्या खुणांनी सांगायचं. नोकरीसाठी सिंगापूरला आल्यावरही रविवारच्या लीगमध्ये त्याने तीच जागा धरून ठेवली. संघात माणसं आली, गेली. मास्कआड निशिकांत तोच. शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले आणि संघाने त्याला मॅनेजर केलं.

पहिल्याच सामन्यात तो उठत होता, बसत होता, बाकापुढच्या जाळीत बोटं अडकवून उभा राहत होता. पूर्वी अख्खं मैदान त्याच्या समोर असायचं. चेंडूत किती जोर आहे ते डोळ्यांआधी तळहाताला कळायचं. आता तळहात रिकामा होता.

पिचर हफीझ त्याचा जुना जोडीदार. दोघं जुरोंग आयलंडवर एकाच केमिकल प्लांटमध्ये, एकाच कंपनी बसने जाणारे. शेवटच्या इनिंगला संघ एका धावेने पुढे होता आणि हफीझचे चेंडू भलतीकडे जायला लागले. मध्येच तो खांदा झटकत होता. निशिकांतने वेळ मागून नव्या कॅचरला, पुण्याच्या तन्मयला, जवळ बोलावलं.

"चेंडू कसा येतोय?"

"ठीक येतोय," तन्मय जमिनीकडे बघत म्हणाला.

"माझ्याकडे बघून सांग."

"जीवच नाहीये चेंडूत, दादा. खांदा दुखतोय त्याचा. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला."

निशिकांत मैदानात गेला. त्याला येताना पाहून हफीझने मान फिरवली.

"एकच बॅटर राहिलाय. मी संपवतो, lah," तो सिंगापुरी लकबीत म्हणाला.

"नको हफीझ. चेंडू दे."

निशिकांतने हात पुढे केला. हफीझने चेंडू मागोमाग आलेल्या तन्मयच्या ग्लोव्हमध्ये टाकला आणि निशिकांतकडे न बघता निघून गेला. बदली पिचरचा दुसराच चेंडू बॅटरने लांब टोलावला, दोन धावा निघाल्या. सामना हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये हफीझ नव्हता. निशिकांतचं कामात लक्ष लागेना. एकच रीडिंग त्याने परत परत तपासलं. संध्याकाळी तो घरात येरझारा घालत असताना बायको, जयवंती, म्हणाली, "जा ना त्याच्याकडे."

"जाऊन काय बोलू?"

"माझंच बरोबर होतं, एवढं सोडून काहीही बोल."

बुकित पंजांगमधल्या त्याच्या फ्लॅटचं दार हफीझनेच उघडलं. उजवा हात गळ्यात बांधला होता.

"स्नायू फाटलाय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आणखी ताणला असता तर ऑपरेशन होतं."

निशिकांतने त्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"तरी मी त्याला बाद केला असता."

"केलाही असतास."

"मग का काढलंस?"

"नाहीतर पुढे कधीच तू प्लांटमध्ये उजव्या हाताने व्हॉल्व्ह फिरवू शकला नसतास, म्हणून."

हफीझ दारातच उभा होता. राग गेला होता असं काही त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं.

"त्या बदली पिचर पोराची चेंडूवरची पकडच चुकीची आहे," शेवटी तो म्हणाला. "चेंडू उंच राहतो त्याचा. रविवारी त्याला लवकर बोलाव. मी येतो."

आणि तो दारातून बाजूला झाला.