कठीण पातळीवर, कोणाच्याही मदतीशिवाय

व्हिडिओ खेळांची परीक्षणं लिहिणारी माणसं दोन प्रकारची. काही अर्धाच खेळ खेळतात आणि पूर्ण खेळल्याचा आव आणतात. काही पूर्ण खेळतात आणि मग त्याचा डंका पिटत बसतात. आपला गडी दुसऱ्या प्रकारातला. सतरा वर्षं त्याच्या प्रत्येक परीक्षणाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: ‘हा खेळ कठीण पातळीवर, कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केला आहे.’ ही ओळ पाहिल्याशिवाय खेळ विकत न घेणारे वाचक होते. त्यांनीच त्याला कठीणराव हे नाव ठेवलं, आणि त्यालाही ते मनातून भारी आवडलं होतं.

बायको म्हणायची, “कठीणराव म्हणे! घरात लोणच्याची बरणी उघडायची तरी मला हाक.”

बायको दातांच्या कवळ्या करायची. दोन गल्ल्या पलीकडे एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. मेणाचे साचे, बारीक कानशी, गुलाबी हिरड्यांचे तुकडे, आणि डब्यात रंगानुसार लावलेले दात. दिवसभर ती दुसऱ्यांचं हसू घासून गुळगुळीत करत बसायची.

घरात कामांची वाटणी ठरलेली होती. नवा खेळ आला की त्याची मांडामांड बायकोची. अक्षरं मोठी करायची, आवाज बेताचा ठेवायचा, उजेड वाढवायचा, हातातल्या यंत्राची थरथर कमी करायची, अशा पन्नास भानगडी त्या सेटिंगच्या पानांत असतात. कठीणरावांना तेवढा धीर कुठला! सतरा वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच खेळाला त्यांनी वैतागून यंत्र तिच्या हातात कोंबलं होतं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. ती सगळं लावून द्यायची, हा येऊन ‘कठीण’वर बोट ठेवायचा आणि खेळायला बसायचा. सतरा वर्षांत सेटिंगचं पान त्यानं एकदाही उघडलं नव्हतं. संसारात अशी कामं असतातच, जी आपोआप होतात असं एकाला वाटतं आणि दुसरा ती करत असतो.

तर, या खेपेचा खेळ होता मनोबळाचा. नायिका एक पंचविशीची सैनिक, जिला नुसत्या मनानं वस्तू उचलता येतात. लोखंडी खांब, उलटलेले ट्रक, पाण्याच्या टाक्या, काय वाटेल ते उचलायचं आणि चाल करून येणाऱ्या राक्षसी यंत्रांवर भिरकावायचं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक राखणदारीण वाट अडवून उभी; तिनं फेकलेलं हवेतच झेलायचं. शिवाय साथीदारांच्या मनाशी धागा जोडून त्यांची शक्ती घटकाभर उसनी घ्यायची. एक काळ थांबवतो, एक भिंतीपलीकडचं दाखवतो. खेळ झकास होता. कठीणरावांनी चोवीस तासांत तो संपवला, सहा दिवसांत वाटून, रोज सकाळी बायको कामावर गेली की चहा घेऊन.

आणि परीक्षणही असं उतरलं की बस्स. ‘झेल घेण्याची वेळ इतकी अचूक जमवली आहे की बोटं पुन्हा विशीतली वाटतात.’ ‘पडद्याच्या कोपऱ्यात नायिकेच्या शक्तीचं चिन्ह म्हणून एक चिमुकला तळहात मंद उजळत राहतो, हा तर खास नाजूक स्पर्श.’ फक्त कथेला त्यांनी अर्धा गुण कापला होता. शेवटच्या भागात कळतं, की नायिकेनं जे जे जड उचललं, त्याचा अर्धा भार छावणीत खाटेवर पडलेला तिचा म्हातारा साथीदार गुपचूप उचलत होता. त्यावर कठीणराव कडाडले होते: ‘इथे कथा गडगडते. इतके दिवस आपला भार दुसरं कोणी वाहतंय, याचा पत्ताच नाही? नायिका आहे की ठोंबी?’

शुक्रवार होता. संध्याकाळी पाचपर्यंत मजकूर द्यायचा होता. अकरा वाजता चष्मिसचा फोन आला. चष्मिस दुसऱ्या संकेतस्थळासाठी लिहायचा. दोघांचं धंद्यातलं वैर आणि बाहेरची दोस्ती, दोन्ही जुनंच.

“राव, ती सातवी राखणदारीण,” चष्मिस रडकुंडीला आला होता. “ट्रक उलटा फेकते ना, तो झेलायला पापणी लवते तेवढाच वेळ मिळतो. तीन दिवस झाले. आमच्यात एकालाही जमलेली नाही. तू कशी पाडलीस?”

“दुसऱ्या फटक्यात.”

“थापा मारू नकोस.”

“थांब, पुरावाच पाठवतो.” आणि यांनी त्या लढाईचं चित्रण लगोलग पाठवून दिलं. मग खुर्चीत रेलून मिशीतल्या मिशीत हसत बसले.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी चष्मिसचा आवाज हळू होता. “कोपऱ्यात तो तळहात कसला रे?”

“नायिकेचं चिन्ह. तुझ्या नजरेतून सुटलं ना? मी लिहिलंय त्यावर.”

“माझ्या पडद्यावर तो नाहीये.” पानं चाळत तो म्हणाला, “मदत चालू ठेवली की येतो तो, राव. सोबतच्या पुस्तिकेत आहे. हे बघ, मी कुणाला बोलणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

कठीणरावांनी फोन ठेवला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा सेटिंगचं पान उघडलं. चौथ्या पानावर ‘मदत’ असा मथळा होता. झेल घ्यायला जादा वेळ: चालू. नेम आपोआप: चालू. बटण दाबून धरण्याऐवजी नुसतं टिचकी मारणं: चालू. कड्यावरून पडताना बचाव: चालू. कठीण पातळी आपल्या जागी कठीणच होती, पण तिच्या खाली अशी गादी अंथरलेली होती.

त्यांनी चारही मदती बंद केल्या आणि सुरुवातीपासून खेळायला घेतलं. सातव्या राखणदारणीपर्यंत जायचा प्रश्नच आला नाही, पहिलीनंच अकरा वेळा लोळवलं. मनात झेल वेळेवर येत होता, पण उजवा अंगठा अर्धा क्षण मागून पोचत होता, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. दोन वर्षांपूर्वी मनगटाची शस्त्रक्रिया झाली, त्याच अंगठ्याला नंतर बधिरपणा आला होता. “येईल हळूहळू,” असं ते सगळ्यांना सांगत आले होते. आलेला नव्हता.

मग कपाटातून गेल्या दोन वर्षांत परीक्षण केलेले खेळ निघाले. एक, दोन, तीन. सहाच्या सहांत तेच. त्यातल्याच एका खेळाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की हा अवघड म्हणणारी मंडळी दूधखुळी आहेत. त्यावर एका निवृत्त बसचालकाचं पत्र आलं होतं. हात थरथरतो, दुसऱ्या टप्प्यापुढे जाता येत नाही, काही उपाय आहे का, इतकंच त्या भल्या माणसानं विचारलं होतं. कठीणरावांनी उत्तर छापलं होतं: ‘रडगाणं नको, सराव हवा.’ वाचकांनी त्या उत्तरावर टाळ्या पिटल्या होत्या. बसचालकानं पुन्हा कधी लिहिलं नाही.

दीडला बायको जेवायला घरी आली. जमिनीवर खेळांचे डबे पसरलेले, पडद्यावर चौथं पान उघडं, आणि नवरा भिंतीला टेकून. तिला काही विचारावं लागलं नाही.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“दोन वर्षं.”

“माझं हसं करायला?”

“तोंड सांभाळून बोल,” ती म्हणाली. पिशवी खाली ठेवून ती समोर बसली. “हाताची पट्टी निघाली त्या आठवड्यात तू चार दिवस खेळलास आणि चारही दिवस हरलास. मग म्हणालास, संपलं माझं. नंतर नऊ दिवस दाढी केली नाहीस, धड जेवला नाहीस. मी काय बघत बसायचं होतं? पुढचा खेळ आला, मी लावून दिला. तू जिंकलास, आणि त्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आलास.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर हात लावू दिला असतास?”

तो जमिनीवरचे डबे एकावर एक रचत राहिला.

“कवळी चांगली बसली,” ती म्हणाली, “की माणूस ती विसरतो, आपलेच दात आहेत म्हणून ऊस फोडायला जातो. मला वाटलं, तुझंही तसंच बसलंय. तू लोकांना दात दाखवत फिरशील, हे नव्हतं रे माझ्या डोक्यात. बसवाल्याला दिलेलं उत्तर छापून आलं तेव्हा मला झोप लागली नाही. बंद करणार होते. पण तुझा चेहरा बघितला की हात धजायचा नाही.” तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला रागही आला होता. “माझं चुकलंच. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही सांगून ठेवते.”

त्याला तिचा भयंकर राग आला होता. त्याच वेळी तिच्यावर इतकं प्रेम कधी आलं नव्हतं, आणि लाजेनं तर मान वर होत नव्हती. तिन्हींचं एकदम काय करायचं ते न कळून तो उठला आणि ताटं घ्यायला गेला.

दुपारी ती परत कामावर गेली आणि तो लिहायला बसला. चष्मिस तोंड उघडणार नव्हता. ती ओळ तशीच ठेवली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. पण ‘ठोंबी’ या शब्दाशी येऊन तो अडला. खाटेवरचा म्हातारा आणि ती सैनिक पोरगी. हिला पत्ता कसा नाही, असं केवढ्या तोऱ्यात विचारलं होतं! तो परिच्छेद त्यानं काढून टाकला आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. तिथे लिहिलं: ‘हे घडू शकतं.’ मग तळहाताबद्दल खरं लिहिलं, अंगठ्याबद्दल लिहिलं, सहा खेळांची नावं लिहिली. बसचालकाची जाहीर माफी मागितली आणि मागच्या प्रत्येक खेळात मदतीचं पान कितवं, तेही एकेक करून नोंदवलं. सगळ्यात शेवटी ठरलेली ओळ. तिच्यावर पाऊण तास गेला. अखेर ती अशी झाली: ‘हा खेळ कठीण पातळीवर, बायकोच्या मदतीने पूर्ण केला आहे.’

पाचला पाच कमी असताना मजकूर गेला. सव्वापाचला संपादिकाबाईंचा फोन आला. “शेवटची ओळ नक्की ठेवायची? वाचक फाडून खातील तुम्हाला. आणि पुढचे खेळ तुमच्याकडे द्यायचे की नाही, हे वरची मंडळी ठरवतील. माझ्या हातात नाही.”

“ठेवा,” तो म्हणाला.

वाचकांनी खरंच फाडून खाल्लं. आठवडाभर कठीणरावांचे मदतराव झाले होते. वरची मंडळी काही ठरवत नव्हती. नवव्या दिवशी एक पत्र आलं, वेड्यावाकड्या अक्षरात, तीन ओळींचं. ‘चौथं पान सापडलं. दुसरा टप्पा ओलांडला. तुमच्या मंडळींना नमस्कार सांगा.’ तो नमस्कार त्यानं बायकोला फोनवर नाही, तिच्या कामाच्या जागी जाऊन, कानशीचा आवाज थांबेपर्यंत दारात उभं राहून सांगितला.

त्या संध्याकाळी तो मनोबळाचाच खेळ पुन्हा काढून बसला. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. बायकोनं यंत्र त्याच्यापुढे धरलं. “घे. आता तुला पान माहीत आहे.”

“नको, तूच लाव,” तो म्हणाला. “फक्त या वेळी मला दिसेल असं बस.”

ती जरा सरकून बसली, आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत तिनं चारही चालू केल्या.