नजर सोडायची नाही

“मान पाह्य, मान! पडणाऱ्याकडं नको पाहू. पाडणाऱ्याचा डावा हात पाह्य.”

ह्यांनी चहाची बशी तशीच हातात धरून टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावरच्या कुस्तीत तहसीलदारानं खारूताईला डोक्याच्या वर उचललं होतं. आता आपटणार, आता आपटणार, आणि आपटलंच. रिंगण हादरलं, तिकडचे लोक किंचाळले, हिंदीतून सांगणारा तो माणूस आपल्याच घरचं कोणी गेल्यासारखा ओरडला.

“दिसला का? मानीखाली हात होता. टेकेपर्यंत होता. याले म्हणतात कारागिरी.”

“दिसला, भाऊजी,” माझा भाऊ आशिष म्हणाला. दर मंगळवारी सकाळी तो सावरगावहून पूल ओलांडून एवढ्यासाठी यायचा. टीव्ही त्याच्याकडेही आहे, पण तिथं मान दाखवणारं कोणी नाही.

“बाबा, लिहिलेलं असते ते सगळं,” चेतन बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला. “कोण जितन, कोण हारन, किती वाजता हारन, सगळं.”

“म्हणूनच तं पाहून राहिलो ना बे!”

चेतन आमचा एकुलता एक. सौसरच्या बाजूला एका कंपनीत जातो. तिथं डोक्यावर पिवळं हेल्मेट घातल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत, हे मुद्दाम सांगून ठेवते. पुढे लागेल.

त्या पैलवानांची खरी नावं इंग्रजी आहेत आणि ह्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून ह्यांनी आपली नावं ठेवली. टकला, धिप्पाड, कोणाचंच न ऐकणारा तो तहसीलदार. दोरावरून उड्या मारणारा खारूताई. आणि पन्नाशी उलटलेला, गुडघ्याला पट्टा बांधून येणारा, बहुतेक वेळा हरणारा तो हेडमास्तर. ह्यांच्या मते सगळ्यांत मोठा कलाकार हेडमास्तर. “पाडाले काय लागते? अंगात रग पाह्यजे, बस. पडणाऱ्याले जास्त येते. लोकायले वाटलं पाह्यजे का याचे हाडं मोडले, अन् एकबी मोडलं नाई पाह्यजे.” कोणी खुर्ची उचलून मारायला धावला की हे चॅनल बदलून भजन लावतात. दोन मिनिटांनी परत येतात.

हे सरकारी दवाखान्यात ड्रेसर आहेत. तीस वर्षं झाली. टाके डॉक्टर घालतात. जखम धुणं, पट्टी बांधणं आणि त्याआधी डोकं हलू न देता धरून ठेवणं हे ह्यांचं काम. गावातल्या निम्म्या पुरुषांची डोकी ह्यांच्या हाताला माहीत आहेत. रस्त्यानं जाताना कोणी नमस्कार केला तर हे त्याचं नाव सांगत नाहीत, “उजव्या कानामागं सात टाके” असं सांगतात.

इतकी डोकी कुठून आली, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड उभं करतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. इकडच्यांनी झाड तोडून आणायचं, तिकडच्यांनी आणू द्यायचं नाही, आणि दोघांनी दिवसभर एकमेकांवर दगड फेकायचे. ही गोटमार. झाड हाती आलं तर चंडीमातेच्या देवळात जातं. संध्याकाळपर्यंत नाहीच आलं तर दोन्हीकडचे मोठे लोक आपसात बोलतात, झाड इकडच्यांना देऊन टाकतात, आणि तरीही ते देवळातच जातं.

मी सावरगावची. पुलावरून पाच मिनिटं चालत आले आणि सासरी पोचले. इतकी जवळची पाठवणी आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाची झाली नसेल. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस सुखाचे. उरलेल्या एका दिवशी माझा भाऊ त्या काठावर असतो. आणि गेल्या वर्षापासून माझा मुलगा ह्या काठावर. गेल्या वर्षी न सांगता गेला होता. भुवईवर दोन टाके घेऊन आला. बापानंच डोकं धरलं होतं.

“हेल्मेट काहून नाई घालत बे मंग? सौसरले तं घालतो ना?” मी विचारलं होतं.

“आई, गोटमारीत हेल्मेट? लोक काय म्हणतील?”

माझा भाऊ वीस वर्षं उघड्या डोक्यानं जातोय. त्यालाही कधी अडवता आलं नाही. अडवायला गेले की म्हणायचा, “तू आता पांढुर्ण्याची झाली, ताई. फितूर.”

*

गोटमारीच्या आधी शांतता समितीची बैठक होते. हे दरवर्षी जातात, मागच्या खुर्चीवर बसतात, बिस्किट खाऊन येतात. ह्या वर्षी उठून उभे राहिले. शेजारचे भगवंतराव बैठकीत होते, त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत म्हणून मी त्यांचं ऐकून घेतलं.

हे म्हणाले, “साहेब, संध्याकाळी झाड देऊनच टाकाचं असते. मंग सकाळीच ठरवून घेऊ. कोणच्या वेळेले कोण पुढं जाईन, कोण पडन, कोणाले उचलून आणाचं. दगड फेकाचे, पण पाण्यात. पाह्यणाऱ्याले मजा येईन अन् मले पट्टी लागणार नाई. तिकडं टीव्हीवर करतातच ना, दर मंगळवारी.”

सगळे हसले. “ड्रेसरसाहेब, टीव्ही कमी करा,” कोणी म्हणालं. मग सावरगावचे एक म्हातारे, रागावून नव्हे, समजावून बोलले. “सुधाकरभाऊ, देवीले का खोटं खेळून दाखवाचं?”

हे बिस्किट न खाताच निघाले. घरी येऊन खाटेवर बसून राहिले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“छाया,” हे म्हणाले, “हसले त्यातल्या चौघायचे डोके मीच धरले होते वो.”

*

पोळा गुरुवारी होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मामा-भाच्याला समोर बसवलं.

“गावाचं जाऊ द्या. तुम्ही दोघं तं माह्याच घरचे हा ना?”

“बाबा, मी जाणारच हाओ.”

“जा ना. कोण नाई म्हणून राहिलं? पण ठरवून जा. तू याच्यासमोर उभा राह्य, हा तुह्यासमोर. तू फेक, पण पाण्यात. हा फेकन, तोबी पाण्यात. लोकायले वाटन का मामा-भाचे लय भिडले.” हे उठले, स्वतःच दोन्ही बाजू करून दाखवायला लागले. हात मागे नेला, कमरेतून वळले, नेम शेवटी खाली घातला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा. मला हसू आलं.

“अन् दुसरी गोष्ट. नजर सोडाची नाई. हे लोक पाह्यले ना तुम्ही? इतके आदळतात, पण एकमेकायवरची नजर सोडत नाईत. नजर सुटली का मार लागला समजा.”

आशिषनं डोकं खाजवलं. “भाऊजी, आम्ही तं समोर पाह्यतच नाई. वर पाह्यतो. आभाळाकडं. दगड वरूनच येते ना. वीस वर्षं झाले, वर पाहून पाहूनच वाचलो.”

“म्हणूनच खांद्यावर चारदा बसला तुह्या. माणसाकडं पाह्यत जा. माणूस पाह्यला का त्याचा हात दिसते.”

“जशी तुमची मर्जी, साहेब.” आशिष हसला. “बोल बे भाच्या. ठरलं?”

“तुम्ही दोघं पागल हा,” चेतन म्हणाला, पण हात पुढे केला. मामानं त्याच्यावर टाळी दिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. बावीस तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाची भीती जरा कमी झाली, खोटं कशाला सांगू. टीव्हीवर आवाजाविना हेडमास्तर पडत होता.

*

गोटमारीच्या दिवशी मी नदीवर जात नाही. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या उरलेल्या असतात, त्या तव्यावर गरम करते, कोणी खात नाही, पुन्हा गरम करते. गच्चीवरून नदी दिसत नाही. आवाज मात्र येतो. बाराच्या सुमाराला आवाज वाढला. एकाएकी थांबला. पुन्हा वाढला.

दवाखान्यातल्या पूनम सिस्टरचा फोन आला तेव्हा माझ्या हाताला तूप होतं.

“काकू, चेतन बरा हाये,” ती आधी म्हणाली. शहाणी मुलगी. “पण तुम्ही या.”

काठावर मलमपट्टीसाठी मांडव घातला होता. तिथवर कशी गेले ते आठवत नाही, चपला वेगवेगळ्या होत्या एवढं नंतर कळलं. चेतन मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, कमरेपर्यंत ओला. टेबलावर आशिष. डाव्या डोळ्यावर डॉक्टरांनी पट्टी ठेवली होती, तिच्या कडेनं लाल होत होतं. आणि हे त्याच्या डोक्याशी उभे होते, दोन्ही हात मानेखाली घालून.

“हलू नको, आशिष. मान मी धरली हाये. तू सोडून दे.”

“माह्या दगड नव्हता, आई,” चेतन मला पाहताच बोलायला लागला. “माह्या नव्हता. माह्ये सगळे पाण्यात पडले, तो पाह्यत होता, हसत होता मले पाहून. बाजूनं आला वो. वरून आला. मले दिसला येताना. मी ओरडलो, मामा वर पाह्य, वर पाह्य. तो माह्याकडंच पाह्यत राह्यला.”

मग चेतननंच पाण्यात उडी टाकली होती. दगड चालूच होते, त्यातून जाऊन मामाला खांद्यावर घालून ह्या काठाला आणलं, कारण ह्या काठाला बाप होता.

नागपूरला न्यायची गाडी आली. हे तसेच मान धरून गाडीत चढले. दार लागायच्या आधी आशिषनं हातानं चाचपून ह्यांचं मनगट पकडलं.

“भाऊजी, मी नजर नाई सोडली.”

तो तक्रार म्हणून म्हणाला नाही. सांगितलेलं काम पुरं केलं, एवढंच त्याला सांगायचं होतं. ह्यांचा चेहरा मी पाहिला आणि लगेच खाली पाहिलं.

संध्याकाळी दोन्हीकडचे मोठे लोक बोलले आणि झाड देऊन टाकलं. ते वाजतगाजत देवळात गेलं. मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली तेव्हा चेतन अंगणात दगडी पायरीवर बसून होता. कोणी हाक मारली, तो उठला नाही.

*

डोळा वाचला नाही.

पाच मंगळवार टीव्ही लागला नाही. हे सकाळी उठायचे, दाढी करायचे, वेळेच्या आधी दवाखान्यात जायचे. घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. माझी भावजय एकदा भाजी घेऊन आली, “भाऊजींनी जेवलं पाह्यजे” म्हणाली, आणि भाजी ठेवून गेली. ती भांडायला आली असती तर मी तिच्याबरोबर रडले असते. ती भांडली नाही.

ह्यांनी एक अर्ज लिहिला होता, गोटमारीच्या ड्यूटीतून मोकळं करा म्हणून. तो खिशातच राहिला. शर्ट धुताना मला सापडला, शाई पसरलेली. मी उन्हात वाळवला आणि परत खिशात ठेवला. दुसरं काय करता येतं, ते मला अजून कळलेलं नाही.

सहाव्या मंगळवारी सकाळी फाटक वाजलं. आशिष. पुलाचा कठडा धरून एकटाच आला होता. काळा चष्मा. खाटेवर नेहमीच्या जागी बसला, मग उठला, दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तिथून उजव्या डोळ्याला टीव्ही समोर येतो.

“लावा ना, भाऊजी. काहून, वीज गेली का?”

ह्यांनी रिमोट उचलला. चेतन कामावर निघाला होता, तो दारात थांबला. मी चहा टाकला.

तहसीलदार आला, लोक ओरडले. आज समोर हेडमास्तर होता. बराच वेळ झोंबी झाली. आमच्या घरात ही कुस्ती इतक्या शांततेत कधी पाहिली गेली नसेल. मग तहसीलदारानं हेडमास्तरला उचललं, गोल फिरवलं आणि आपटलं.

“धरली का मान?” आशिषनं विचारलं. “मले नीट दिसलं नाई. आजकाल कोणतं जवळ, कोणतं दूर, काई समजत नाई बाप्पा.”

“धरली,” हे म्हणाले.

ह्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नव्हतं. आशिष चहाची बशी स्टुलावर ठेवत होता. स्टूल त्याला वाटत होतं त्याहून चार बोटं पलीकडे होतं. बशी त्यानं निश्चिंतपणे सोडून दिली.

ती पडली नाही. खाली ह्यांचा तळहात होता.