पुढचं चाक

"गाडीचं वजन किती, काका?" हिरालालनं विचारलं.

"एकेचाळीस," रूपराव म्हणाले.

हिरालालनं चष्म्यावरून पाहिलं. वर्ध्यातल्या त्याच्या दुकानात गॅरेजचं सामान न्यायला नाना तऱ्हेची माणसं येत, पण एकेचाळीस किलोची मोटारसायकल आजवर कुणी सांगितली नव्हती. "सायकल चढवून राह्यले का लिफ्टवर?"

रूपराव उगीच हसले. एकेचाळीस हे त्यांच्या बायकोचं, जयवंताचं वजन. वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यातल्या काट्यावर त्यांनी ते पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो आकडा डोक्यातून हलायला तयार नव्हता. "दीडशेच्या आतबाहेर धर बापा," ते म्हणाले.

हिरालालनं दोन लिफ्ट दाखवल्या. एक पलंगाएवढी लांब, वर अख्खी गाडी चढवायची. "हे गॅरेजवाल्याचं काम. घरी नेली तर अंगण खाऊन टाकते." दुसरी बुटकी, गाडीच्या पोटाखाली सरकवायची आणि पायानं दांडा दाबत वर घ्यायची. "तुमच्या गाडीले खालून फ्रेमच्या पट्ट्या आहेत ना? मंग हेच घ्या. पण पट्ट्यांवरच टेकवजा, इंजिनवर नाई. खाली सिमेंट पाहिजे, मातीत पाय रुतते याचे. दोन्हीकडून बेल्ट कसजा, लॉक लावजा, मंगच हात खाली घालजा. अन् गाडी वर असली का तिच्यावर कोणी बसाचं नाई. बिलकुल नाई."

हे शेवटचं बोलणं रूपरावांच्या मनाला लागलं.

त्यालाही कारण होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेला हा माणूस घरी आला तरी हात स्वस्थ ठेवील तर शपथ! नाचणगावच्या त्यांच्या अंगणात मोटारसायकल सदा अर्धी उघडलेली. पुढचं चाक काढायचं झालं की गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि हाक मारायची, "जया, बस वं!" जयवंता पिठाचे हात झटकत यायची, मागच्या कॅरिअरवर ठाण मांडायची, की पुढचं चाक अल्लद वर. मग रूपरावांचं काम होईपर्यंत ती वरूनच भाजी निवडायची, कुंपणापलीकडच्या आनंदाबाईशी गप्पा हाणायची.

"अंगणातच फिरवा मले या गाडीवर," ती म्हणायची. "केळझरचा गणपती काही दाखवू नका."

"चाक तं बसू दे आधी!"

असं वर्षानुवर्षं चाललं. दिवाळीनंतर मात्र तिचं जेवण तुटलं. अंगावरचे कपडे सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. आणि एक दिवस ती कॅरिअरवर बसली, तर चाक उचललंच नाही.

"मागं सरक जरा."

ती सरकली. चाक तसंच.

"स्टँड घासलं वाटते," रूपराव म्हणाले.

"असंन," म्हणून ती उतरली. दुसऱ्याच दिवशी रूपरावांनी तिला सावंगीला नेलं. तिथे पोटातला बारीकसा तुकडा तपासायला काढला आणि काय निघालं ते सांगायला डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं.

रविवारी रूपराव लिफ्ट घेऊन आले. सोमवारी सकाळीच त्यांनी गाडी वर चढवली आणि पुढचं चाक काढलं. आवाज येतो म्हणाले. मग चेन काढली. दुपारी कार्बोरेटर काढला, ज्याला काहीएक झालेलं नव्हतं. मंगळवारी सगळं पुसून बसवलं आणि पुन्हा उघडलं. गाडीच खुली आहे तर माणूस जाणार कसा? वर्ध्याच्या बस काय कमी होत्या? पण बसचं नाव दोघांनीही काढलं नाही. जयवंता उंबऱ्यात रिकाम्या हातांनी बसून बघत होती. नवऱ्याचा जीव थाऱ्यावर नाही, हे तिला न कळायला ती काय काल आली होती?

बुधवारी रूपरावांनी चाक तात्पुरतं अडकवून गाडी खाली घेतली, पाच मिनिटं तिच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि परत वर घ्यायला लागले. बेल्ट तसेच भिंतीवर लटकत होते.

"अवो, पट्टे?" जयवंता म्हणाली.

"आता लावतो ना!"

दांडा दोनदा दाबला आणि गाडी कलंडली. रूपरावांनी खांदा लावला, पण भार त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. तेवढ्यात जयवंता धावत आली आणि पलीकडून कॅरिअरला लोंबकळली. तिच्या त्या काड्यांसारख्या हातांत कुठून बळ आलं कोण जाणे. गाडी क्षणभर सावरली आणि रूपरावांनी पायानं लिफ्टची कळ दाबून ती खाली सोडली.

"काऊन धावली वं?" ते ओरडले. "अंगावर पडली असती म्हंजे?"

"अन् तुमच्यावर पडली असती तं? मले दवाखान्यात कोणी नेलं असतं?" ती धापा टाकत खाली बसली. "सोमवारी बोलावलं होतं. तुम्ही चेन काढून बसले."

ऑइलनं माखलेले हात तसेच मांडीवर टाकून रूपरावही तिच्यासमोर बसले. "भेव लागते मले," ते म्हणाले.

"मले नाई लागत का?" जयवंतानं डोळे पुसले. "पण उघडून ठेवल्यानं थांबते का ते? बसवा आता."

या खेपेला रूपरावांनी दोन्ही बेल्ट कसले, लॉक लावलं, हातानं हलवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत चाक, चेन, कार्बोरेटर सगळं जागच्या जागी बसलं. जयवंता शेजारी पाटावर बसून एकेक नट हातात देत होती.

गुरुवारी सकाळी सावंगीला जायचं म्हणून तिनं अबोली रंगाचं लुगडं नेसलं, ठेवणीतलं.

"येताना केळझरले नेता?"

"नेतो. शप्पत नेतो."

रूपरावांनी किक मारली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पाय दोन्हीकडे रोवून, नजर पुढच्या चाकावर ठेवून ते थांबून राहिले. जयवंता बसली की गाडी मागून दबायची, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या दबण्याची वाट पाहत ते तसेच उभे राहिले.

"बसली का वं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"केव्हाची बसली," मागून जयवंता म्हणाली. "चला."