चालू राहिलेला माईक

“तो एको काढा हो,” सभेआधी माईक तपासताना काकू पदराला लावलेला माईक हाताने झाकत म्हणाल्या. “विहिरीत पडून बोलतेय असं वाटतंय मला.”

“सगळ्यांना लागतो,” भोंगेकाका मिक्सरवरून मान वर न करता म्हणाले. “त्याशिवाय भाषण भरदार वाटत नाही.”

“मला कुठे भरदार व्हायचंय? मागच्या गल्लीला कळलं म्हणजे झालं.”

काकांनी एकोची कळ शून्यावर आणली. इतक्या वर्षांत कुठल्याही सभेत ती शून्यावर आली नव्हती. लग्न असो, शाळेचा कार्यक्रम असो, भागातले भोंगे काकांचेच असत. सभाही सगळ्या पक्षांच्या तेच वाजवत. त्यामुळे त्यांचं कोणाशी वाकडं नव्हतं आणि कोणावर काडीचा विश्वासही नव्हता.

एके काळी होता. तेव्हा एक तरुण नेता होता. त्याच्या सभांना काका भाडं न घेता जात आणि घसा बसेपर्यंत घोषणा देत. एका सभेत तो नेता बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल बोलता बोलता रडला. मिक्सरपाशी उभे असलेले काकाही रडले. भाषण संपलं, काकांनी भोंगे बंद केले, पण नेत्याच्या कॉलरचा माईक चालूच राहिला. भोंगे बंद असले तरी त्या माईकचा आवाज हेडफोनमध्ये येतच राहतो. स्टेजमागे तो कोणाला तरी विचारत होता, “रडणं जरा लांबलं का रे?”

काकांनी हे कोणालाच सांगितलं नाही, एकट्या काकूंना सांगितलं. त्यानंतर त्यांनी सभांमध्ये शब्द ऐकणं सोडलं. मिक्सरवरचे हिरवे दिवे नाचताना बघायचे, लाल लागला की आवाज कमी करायचा. मतदानाच्या दिवशी ते वायरी दुरुस्त करत घरी बसत.

आणि आता लसीकरण केंद्रातून निवृत्त झालेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनीच, वॉर्डाच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून अर्ज भरला होता.

“तुला काही चावलं का?” काकांनी विचारलं होतं.

“मागच्या गल्लीला नळ आहे, पाणी नाही. बायका दोन दोन जिने हंडे चढवतात. कोणीतरी विचारायला नको?”

“भोंगे लावीन. पण माझं मत मागू नकोस.”

“मागितलंय कोणी?” काकू म्हणाल्या. त्या संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा झाला.

काकांना तिच्या पडण्याची भीती नव्हती, तिच्या बोलण्याची होती. माणूस स्टेजवर चढला की दुसराच होतो, हे त्यांनी इतक्यांदा जवळून पाहिलं होतं. बाकीच्यांचं काय, सभा संपली की ते आपापल्या घरी जातात. ही आपल्याच घरी येणार होती.

सभेला लोक बरे जमले. काकू हळू आवाजात, बाळाला सुई टोचण्याआधी आईशी बोलावं तशा बोलल्या. काका दिवे बघत होते. मग पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला.

“पाणी कधी येणार ते सांग बाई आधी!”

“मला माहीत नाही, आजी.”

लोक हसले. प्रचाराला सोबत फिरणाऱ्या शेजारच्या शिंपीणबाईंनी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र दिव्यांवरची नजर काढून स्टेजकडे पाहिलं.

“पाणीखात्यात जाऊन विचारते,” काकू म्हणाल्या. “बुधवारी निकाल आहे. गुरुवारी संध्याकाळी इथेच येऊन सांगते. निवडून आले तरी, पडले तरी.”

सभा संपली. काकांनी भोंगे बंद केले. काकूंच्या पदराच्या माईकची कळही बंद करायला त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच थांबलं. मग दुसऱ्या हाताने त्यांनी हेडफोन उचलला आणि कानाला लावला. आपण हे करतोय याची त्यांना लाज वाटत होती, पण हेडफोन काही खाली ठेवता येईना.

आधी पदराची खसखस. मग शिंपीणबाईंचा आवाज. “अगं, माहीत नाही म्हणतात का कधी? दोन महिन्यांत येईल, असं ठोकून द्यायचं!”

“आणि नाही आलं तर? ही चप्पल चावतेय मेली. ऐक, मी गुरुवारच म्हणाले ना? मला आठवण कर बाई. निकालाच्या गडबडीत राहून जाईल, आणि त्या आजी वाट बघत बसतील.”

काकांनी कळ बंद केली.

“अहो, काय ऐकताय एवढं?” काकूंनी स्टेजवरून हाक मारली.

“खरखर येत होती,” काका म्हणाले आणि पाठ फिरवून वायर गुंडाळू लागले. गुंता सुटेना.

मतदानाच्या दिवशी ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कुठे निघालात, हे काकूंनी विचारलं नाही. बुधवारी काकू पडल्या. निवडून आलेल्याची मिरवणूक खिडकीखालून गेली. काकांनी त्या मिरवणुकीला भोंगे दिले नव्हते.

गुरुवारी सकाळी काकू पाणीखात्यात जाऊन आल्या. संध्याकाळी चपला घालताना म्हणाल्या, “भोंगे नकोत. येणार कोण आहे?”

आले थोडेच. त्या आजी, शिंपीणबाई, हंडे बाजूला ठेवून उभ्या राहिलेल्या दोघी-तिघी. काकाही आले आणि आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

“पाइप मंजूर आहे,” काकू म्हणाल्या. “पंपाची मोटरही आलीये. पण कुठल्या गोदामात पडलीये ते तिथे कोणालाच ठाऊक नाही. शोधून ठेवतो म्हणालेत. मी सोमवारी पुन्हा जाणार आहे.”

काकांनी हात वर केला.

“बाई, माझा एक प्रश्न आहे.”

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “विचारा की.”

“मोटर सापडलीच नाही तर?”

शिंपीणबाई फिस्सकन हसल्या. काकू हसल्या नाहीत. चष्मा वर सरकवून त्यांनी थोडा विचार केला.

“तर तसं येऊन सांगीन. पुढच्या गुरुवारी.”

“काय म्हणाली?” आजींनी कानामागे हात धरून विचारलं.

काका त्यांच्याकडे झुकले आणि मागच्या खिडक्यांपर्यंत जाईल अशा मोकळ्या आवाजात म्हणाले, “पुढच्या गुरुवारी येते म्हणाली, आजी. येईल ती.”