नमुन्याची बाटली

सोलापुरातल्या हत्तुरे चाळीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि आलं की पहिली दहा मिनिटं गटाराचा वास मारतं. पिण्याचा पाइप गटारातून गेलाय आणि आत कुठंतरी फुटलाय, हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. महापालिकेच्या पाणी ऑफिसला मात्र ते कागदावर लागतं.

त्या कागदासाठी धनलक्ष्मीनं अडीच महिने चपला झिजवल्या. सात रस्ता चौकातल्या चादरीच्या दुकानात ती कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ऑफिस गाठायची. तिथला अभियंता दर वेळी एकच सांगायचा, "पाणी तपासल्याशिवाय रस्ता खोदता येत नाही, ताई." आणि तपासायला माणूस नसायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं केली तो बराच आशावादी असावा. तेवढ्यात शेजारच्या बसम्माची दोन्ही नातवंडं काविळीनं पिवळी पडली, आणि मागोमाग धनलक्ष्मीची नऊ वर्षांची अंकिताही. मग सगळी चाळ पोटाला चिमटा घेऊन पिण्यासाठी विकतचे जार आणू लागली.

अंकिता दवाखान्यात असतानाच एका बुधवारी भर दुपारी नमुना घेणारा माणूस उगवला. धनलक्ष्मी पोरीच्या उशाशी होती, घरात सासू गुरम्मा एकटी. नळ कोरडा, पाण्याला अजून दोन दिवस. खरं तर त्यानं पाण्याच्या दिवशी परत यायचं. पण ऊन रणरणत होतं आणि त्याला अजून सहा ठिकाणं उरकायची होती. उंबऱ्याबाहेरूनच बाटली पुढं करून तो म्हणाला, "आजी, घरात भरून ठेवलेलं असेल ते द्या."

गुरम्मा बाटली घेऊन आत गेली. बॅरलमध्ये नळाचं पाणी होतं, तळाशी काळा गाळ बसलेलं. बाजूला जार होता. गुरम्मा अक्कलकोटकडची, खात्यापित्या घरातली. दारात आलेल्या परक्या माणसाच्या हातात घाण पाणी द्यायचं तिच्याच्यानं उभ्या जन्मात झालं नव्हतं. तिनं बाटली विसळली, जारचं पाणी काठोकाठ भरलं, पदरानं पुसून दिली आणि त्यानं कागदावर दाखवलं तिथं अंगठा उठवला. वर त्याला चहा पाजला.

आठ दिवसांनी अहवाल आला. पाणी पिण्यायोग्य, तक्रार निकाली.

"अत्ती," धनलक्ष्मी घरी येऊन म्हणाली. सासूला ती कन्नडातलं अत्तीच म्हणायची. "बाटलीत कुटलं पानी भरलं तुमी?"

"जारचं की."

"नळाचं का न्हाय दिलं?"

"साहेब मानूस दारात आलेला. त्येला गटाराचं पानी कसं द्यू? आपल्या घराला काय म्हनला असता?"

"त्यो प्यायला मागत नव्हता, अत्ती. तपासायला मागत होता."

म्हातारीला कळलं, तशी ती बॅरलपाशी जाऊन तळाचा गाळ बघून आली. धनलक्ष्मीला संताप आला होता. अडीच महिने एका बाटलीत बुडाले होते. पण या म्हातारीवर ओरडून तरी काय हाती लागणार होतं?

त्याहून वाईट म्हणजे चाळीनं अहवाल ऐकला आणि जार बंद केले. "शिक्का मारून दिल्यात की चांगलं हाय म्हणून," बसम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धनलक्ष्मी पुन्हा ऑफिसात उभी राहिली. नमुना परत घ्या म्हणाली. अभियंत्यानं कोरा कागद सरकवला. "सासूनं चुकीचा नमुना दिला, असं लेखी आणा. त्याशिवाय फाइल उघडत नाही." घरची अब्रू स्वतःच्या हातानं लिहून देणं तिच्या जिवावर आलं. ती कागद तसाच घेऊन घरी आली.

"लिही," गुरम्मा म्हणाली. "मी आंगठा देते. पोरांच्या जिवापरीस माजी अब्रू मोटी न्हाय."

तिनं अंगठा दिला आणि संध्याकाळी स्वतः दारोदार फिरली. "त्यो रिपोर्ट माज्या जारचा हाय. नळाचं पिऊ नगा." काहींनी ऐकलं. काही जण म्हातारीला चळ लागलाय म्हणून हसले.

नळाचं पाणी पाचव्या दिवशी येतं, कागद दिल्यावर ऑफिसचं उत्तर चौथ्याच दिवशी आलं. वर गुरम्माचं नाव. जन्मात तिला आलेलं पहिलं सरकारी पत्र. घरी आणलेल्या अंकिताच्या पायाशी बसून तिनं ते सुनेपुढं धरलं.

"वाच की. कदी खोदनार म्हंत्यात?"

धनलक्ष्मीनं वाचलं. चुकीचा नमुना देऊन शासकीय कामात अडथळा आणल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

"आन् पाइपाचं?"

धनलक्ष्मीनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"पाइपाचं काय लिवलं न्हाय, अत्ती."